हद्द झाली!

निपाणीला जायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी एक वही विकत घेतली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'सीमाभाग – काही निरीक्षणे'. निरीक्षणं अजून व्हायची होती. पण विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला अर्ज आधी दिसतो आणि माणूस मागाहून.

बायकोनं वहीकडे बघितलं आणि विचारलं, "आपण मिरच्या आणायला चाललोय ना?"

चाललो होतो मिरच्या आणायलाच. माझी सासुरवाडी कोल्हापूरची. तिकडे तिखटाला 'चटणी' म्हणतात आणि ती वर्षाची एकदम करतात. मार्च महिना लागला की घरोघरी मिरच्या उन्हात पडतात, देठं खुडली जातात, आणि माझ्यासारख्या पुण्याच्या जावयाला माळ्यावर झोपायला पाठवतात, कारण खाली त्याला खोकला आवरत नाही. बायकोनं हिशेब करून सांगितलं होतं : दोन किलो संकेश्वरी. ब्याडगी घरात आहे. ती रंगाला, ही तिखटाला.

आता मिरची काय कोल्हापुरात मिळत नाही? ढिगानं मिळते. पण बायकोची आत्या मध्ये पडली. आत्या सत्त्याहत्तर वर्षांच्या, जन्म निपाणीचा, माहेर निपाणीचं. माहेरी आता कुणी उरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मिरची घ्यायची तर निपाणीच्या गुरुवारच्या बाजारात. हितली मिरची म्हंजे नुसती लाल रंगाची काकडी." या वाक्यातला मिरचीचा भाग किती आणि माहेरचा किती हे कोल्हापुरात सगळ्यांना कळलं, मला सोडून. मी वहीत लिहिलं : 'निपाणी – मिरचीची श्रेष्ठ पेठ (स्थानिक मत).'

मला खरं तर सीमा बघायची होती. सीमाप्रश्न मी कळायला लागल्यापासून ऐकत आलोय. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, निपाणीसकट, म्हैसूर राज्यात गेला. मग महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं मी तारखांसह वहीत उतरवलं होतं. पण खुद्द ती सीमा कधी डोळ्यांनी बघितली नव्हती. शाळेतल्या नकाशामुळे असेल, माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ तुटक तुटकच यायची. वाटायचं, जमिनीवरही तशीच असेल. थोडी सीमा, मग थोडी जागा मोकळी, मग परत थोडी सीमा.

शिवाय मी कानडीची तयारी केली होती. फोनवरून आठ वाक्यं पाठ केली. 'एष्टु?' म्हणजे केवढ्याला. 'स्वल्प कडिमे माडी' म्हणजे जरा कमी करा. 'हौदु' म्हणजे हो. आणि मला सर्वांत आवडलेलं वाक्य, 'ननगे कन्नड बरुवुदिल्ला', म्हणजे मला कन्नड येत नाही. हे वाक्य मी इतकं घोटलं होतं, की ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास बसणं अवघड होतं.

कोल्हापूरच्या स्टँडवर महामंडळाची निपाणी गाडी लागली. सीमा मला पहिल्यांदा दिसली ती तिकिटात. कंडक्टरनं आत्यांचं आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "आजी, पंच्याहत्तरच्या वर म्हंजे फुकट. पन हद्दीपतूर. फुडं फुल तिकीट पडंल." बायकोला म्हणाला, "तुमाला हाफ, हद्दीपतूर. फुडं फुल." माझ्याकडे बघितलं आणि काहीच न बोलता यंत्राची बटणं दाबली. मी अल्याडही फुल, पल्याडही फुल. दोन्ही राज्यांचं ज्यावर पूर्ण एकमत आहे असा मी एकटाच.

आत्यांना हे फार लागलं. "माज्याच माहेरला जायला मला फुल तिकीट?"

"तिकडच्या गाडीतनं जावा की आजी," मागचा एक माणूस म्हणाला. "कर्नाटकच्या गाडीत बायकास्नी समदं फुकट हाय."

"तितंबी इचारलं मागं. म्हनाला, आधार कर्नाटकचं लागतंय. म्हटलं, बाबा, जन्म हितला हाय माजा. तर म्हनतोय, जन्माचं काय करू, पत्ता दावा."

मी ही संधी साधून त्यांना १९५६ सालची राज्य पुनर्रचना समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, मी तवा नऊ वर्सांची हुते. निजले तवा मुंबई राज्यात हुते, उटले तर म्हैसूरात. आईनं रोजच्यागत चुलीम्होरं बसीवलं आन् भाकरी वाडली." मी वहीत बघितलं. राज्य पुनर्रचनेखाली भाकरीसाठी जागा सोडलेली नव्हती.

कागल गेलं. हा रस्ता म्हणजे पुणे-बंगळूर महामार्ग. जुना चार नंबरचा, आता अठ्ठेचाळीस. मी खिडकीपाशी सरसावून बसलो. वही उघडली आणि लिहायला घेतलं, 'आता सीमा येईल.' 'येईल' पुरं केलं, खाली रेघ ओढली, मान वर केली. सौंदलगा! सीमा कोगनोळीला केव्हाच मागे गेली होती. टोलनाकासुद्धा गेला. अख्ख्या गाडीत सीमा चुकवणारा मी एकटा. आत्यांनी तर नाक मुरडून तिला ओळख दिली होती. "गेलं बगा आमचं फुकटचं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि मला ते टोलबद्दल वाटलं होतं.

यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडली आणि आत्या एकदम गप्प झाल्या. मग रस्त्याकडे बोट करून म्हणाल्या, "हितंच बसली हुती समदी." १९८१ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीजवळ हाच महामार्ग अडवला होता. तंबाखूला भाव मागत हजारो शेतकरी रस्त्यावर ठाण मांडून राहिले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि माणसं मेली. आत्या तेव्हा बाळंतपणाच्या निमित्तानं माहेरी होत्या. घराघरातून भाकऱ्यांच्या चवडी रस्त्यावर जायच्या, असं सांगत होत्या. "आमच्या दादानं न्हेलेली भाकरीची पाटी परत आली न्हाई. दादा आला." हे साल माझ्या वहीत होतं. मी वही मांडीखाली ठेवली.

निपाणी स्टँडवर उतरलो. पाट्या कानडी. मी घसा साफ केला आणि चौकशीच्या खिडकीत, परतीची गाडी कधी आहे, हे घोटलेल्या कानडीत विचारलं. आतला माणूस म्हणाला, "कोल्हापूरला न्हवं? अर्ध्या अर्ध्या तासाला हाय, साहेब." चहावाल्याला 'एष्टु' म्हटलं. "धा रुपय." रसवाल्याला 'एष्टु' म्हटलं. "इस, आन् बरफ नगो आसला तर सांगा." बायको म्हणाली, "अहो, इथं सगळे मराठी बोलतात. कशाला जिभेला त्रास?" पटलं. म्हणून बाकावर बसलेल्या एका भल्या गृहस्थाला मी अस्सल मराठीत विचारलं, "काय हो, देसायांचा वाडा कुठं आला?" तो गृहस्थ माझ्याकडे बघून फार खेदानं हसला आणि हळू आवाजात कानडीत म्हणाला, की त्याला मराठी येत नाही. मला हे कळलं, कारण माझ्या आठातलंच वाक्य होतं. फक्त भाषेचं नाव बदललेलं. मला इतकी शरम वाटली, की आता जे होईल ते होवो, बाजारात आपण कानडीच बोलायचं, असं मी तिथं ठरवलं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ हे.

देसायांचा वाडा आम्ही बाहेरूनच बघितला. निपाणकर म्हणजे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले सरदार. मी वहीतून वाचून दाखवायला लागलो. आत्या म्हणाल्या, "ऊन लागतंय." वाडा संपला. पुढे डॉ. आंबेडकर १९२५ साली इथं बहिष्कृत परिषदेला आले होते, तेही मला सांगायचं होतं. पण तोवर त्या दोघी गल्लीत वळल्या होत्या आणि मी ते एका उसाच्या गाडीला सांगितलं.

आत्यांचं जुनं घर आता दुसऱ्याचं आहे. शेजारची तंबाखूची वखार मात्र तशीच. निपाणी तंबाखूवर उभी राहिली, विडीच्या तंबाखूवर. आसपासच्या काळ्या रानात पावसाळ्यात रोप लावतात, थंडी सरताना कापतात आणि रानातच उन्हात वाळवतात. मग माल वखारीत येतो. तिथं बायका तो कुटतात, चाळतात, पाखडतात. काडी वेगळी, पत्ती वेगळी, भुकटी वेगळी. आत्या म्हणाल्या, "आमच्या धुन्याला, दान्याला, आंतरुनाला, समद्याला ह्योच वास. लगीन हून कोल्हापूरला गेले तर आट दीस झोप लागंना. वास कुटं गेला म्हनून."

मला आत जायचं होतं. मुकादमाला आत्यांनी दोन नावं सांगितली, त्यानं तिसरं सांगितलं, नातं जुळलं आणि आम्हाला आत सोडलं. आत उजेडाच्या तिरीपीत सोन्याच्या रंगाची धूळ तरंगत होती. वीस-पंचवीस बायका, तोंडाला पदर बांधून, हातात चाळणी. मी वही काढली. गंभीर चेहरा केला. एका मावशींजवळ जाऊन म्हटलं, "तुम्हाला या धुळीचा त्रास..."

'होत नाही का' हे शब्द त्या दिवशी उच्चारले गेले नाहीत. पहिली शिंक आली. दुसरी आली. मी हात वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली, ती तिसरीनं खाली आणली. चौथीला चष्मा गेला. सातव्या-आठव्या शिंकेला चाळण्या थांबल्या. दहावीला बायका मोजायला लागल्या. वही कुठे पडली ते कळलं नाही. पेन मात्र हातात होतं, आणि प्रत्येक शिंकेला त्याची शाई माझ्याच सदऱ्यावर निरीक्षणं नोंदवत होती.

"सतरा," आत्या शांतपणे म्हणाल्या. "इषम हाय. असं अर्ध्यात निगू नका, अपशकून हुतोय. आनि एक यिऊ द्या."

अठरावी आली. वखारीत टाळ्या पडल्या.

त्या मावशी चाळणी खाली ठेवून म्हणाल्या, "काय इचारत हुता, दादा?"

"त्रास," मी डोळे पुसत म्हटलं, "तुम्हाला त्रास नाही होत?"

"हुतोय की. पन शिंकत बसलं तर हजेरी कोन दील?" आणि त्यांनी चाळणी पुन्हा उचलली. हे वाक्य वहीत हवं होतं. वही तंबाखूच्या ढिगाखाली सापडली. अजूनही ती उघडली की मला दोन शिंका येतात.

आत्या ओळखीच्या एका घरी टेकल्या, बायको त्यांच्यापाशी थांबली. बाजारात उन्हं कलल्यावर जायचं ठरलं. मधले दोन तास माझे. मी सीमा शोधायला निघालो.

महामार्गावरची सीमा जरी पंधरा-वीस किलोमीटर मागे राहिली असली, तरी मला एक गुपित कळलं होतं. निपाणीच्या पश्चिमेला, मुरगूडच्या रस्त्यावर, गाव संपता संपता अर्जुननगर लागतं. तिथं देवचंद महाविद्यालय आहे. गाव निपाणीचं, पोरं निपाणीची, पण महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाचं. सकाळी कर्नाटकात अंघोळ करून पोरं महाराष्ट्रात शिकायला जातात आणि जेवायला परत कर्नाटकात येतात. म्हणजे इथं कुठेतरी, या घरांच्या आणि टपऱ्यांच्या मधून, ती रेघ जात असणार. मी चालायला लागलो.

मी विम्याच्या पद्धतीनं पुरावे गोळा करायचं ठरवलं. आधी गाड्यांच्या पाट्या बघितल्या : केए २३ म्हणजे चिकोडी, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर. जिथं पहिल्याची संख्या कमी होऊन दुसऱ्याची वाढेल, तिथं सीमा. पंधरा मिनिटं मोजलं. एका दारात दोन्ही उभ्या होत्या, एकाच घराच्या, एकाच खुंटीला किल्ल्या असाव्यात अशा. मग दुकानांच्या पाट्या बघितल्या. कानडी, मराठी, मराठी, कानडी, मग इंग्रजी. मग रस्त्याचं डांबर न्याहाळायला लागलो, कारण दोन राज्यांची डांबरं वेगळी असणार. एका ठिकाणी खरोखरच डांबराचा रंग बदलला होता! मी वाकून बघतोय तोवर एक म्हातारा म्हणाला, "पाइप टाकलीया पान्याची. काय पडलंय का तुमचं?"

शेवटी पाठीला पिशवी लावलेल्या एका विद्यार्थ्याला गाठलं.

"बाळ, इथं सीमा कुठं आहे?"

त्यानं क्षणभर विचार केला. "कोन्त्या वर्गात हाय?"

"मुलगी नव्हे रे! सीमा, सीमा. हद्द. महाराष्ट्र-कर्नाटक."

"आं? ती व्हय." त्यानं माझ्या मागे बघितलं, पुढे बघितलं. "मागं ऱ्हायली वाटतं. न्हाईतर तुम्ही हुबं हाय तितंच आसंल. च्या प्यायचा का काका? पल्याड चांगला मिळतोय."

"पल्याड म्हणजे कर्नाटकात?"

"पल्याड म्हंजे रस्त्याच्या पल्याड."

चहा पिऊन परत येताना मी सीमा पुन्हा एकदा ओलांडली असणार. एकूण चार वेळा तरी. एकदाही लागली नाही.

बाजार भरला होता. पालांच्या सावलीत मिरच्यांचे ढीग, आणि वाऱ्याची झुळूक आली की घशात सुई टोचावी तसा वास. बायको आणि आत्या बांगड्यांच्या पालापाशी रेंगाळल्या. मी म्हटलं, मिरची मी घेतो. यावर बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिच्यात पंचवीस वर्षांचा संसार होता. पण आत्या म्हणाल्या, "घिऊ दे की. गडी मानूस हाय." मी निघालो.

एक भरल्या अंगाची बाई ढिगामागं बसली होती. कपाळाला हे मोठं कुंकू. मी पुढे झालो, एक मिरची उचलली, जाणकारासारखी वाकवली, ती मोडली, बी डोळ्यात उडालं. डोळा मिटून मी म्हणालो, "एष्टु?"

तिनं चमकून बघितलं, सावरून बसली आणि भाव कानडीत सांगितला. अखेर! त्या दिवशी पहिल्यांदा कुणी माझ्या कानडीला कानडीत उत्तर दिलं होतं. मला गहिवरून आलं. "स्वल्प कडिमे माडी," मी म्हणालो. तिनं मान डोलावली आणि धो धो कानडी सुरू केलं. मला एक अक्षर कळेना. पण आता 'मला कन्नड येत नाही' म्हणायचं, तेही कानडीत, म्हणजे विजयाच्या क्षणी हत्यार टाकणं. मी हसून म्हटलं, "हौदु." तिनं दुसरा प्रश्न विचारला. "हौदु." तिसरा प्रश्न होता, "हत्तु किलो कोडली?" मला 'हत्ती' ऐकू आला. मिरचीच्या व्यवहारात हत्तीचं काय काम, असं वाटलं; पण गावोगावच्या म्हणी वेगळ्या असतात. असेल काहीतरी, हत्तीसारखी दणकट मिरची, वगैरे. मी ठामपणे म्हणालो, "हौदु!"

तिनं पोतं उघडलं आणि ओतायला सुरुवात केली. तागडं भरलं, रिकामं झालं. परत भरलं. परत. मी म्हटलं, चाखायला देत असेल. चौथ्या वेळेला शंका आली. पाचव्या वेळेला आठवलं, की कानडीत हत्तु म्हणजे दहा. फोनवर आकडेही होते, मी ते 'नंतर' म्हणून ठेवले होते. आता मला 'पुरे' म्हणायचं होतं, 'थांबा' म्हणायचं होतं, 'दोनच हवी होती' म्हणायचं होतं. यातलं एकही माझ्या आठ वाक्यांत नव्हतं. मला येत होतं ते एवढंच : केवढ्याला, जरा कमी करा, आणि हो. तिनं मोबाइलवर आकडा करून दाखवला. मी जरा कमी करा म्हटलं. तिनं वीस रुपये कमी केले. मी हो म्हटलं.

पैसे गेल्यावर ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "ए पोरी, पाव्हन्याच्या पोत्याचं त्वांड शिवून दे गं नीट. लांब बंगळुराला जायाचं आसंल त्यास्नी."

मराठी! स्वच्छ, खणखणीत, निपाणीचं मराठी! माझं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आता मराठीत काही बोलायचं म्हणजे मघापासूनचं सगळं कबूल करणं. मी पोत्यापाशी बंगळूरच्या माणसासारखा उभा राहिलो.

तेवढ्यात आत्या आल्या. "घेटली का, जावईबापू?"

त्या बाईनं आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं. "तुमचं जावई हायत? मराठी हायत? अवो मग मराठीत बोलायचं न्हवं का! मला वाटलं बंगळूरचं सायब. किती दीस झालं एवडं कानडी बोलून, त्वांड दुकलं माजं!"

बायको पोत्याकडे बघत होती. "हे किती आहे?"

"हत्तु," मी म्हणालो.

"काय?"

"तिनं विचारलं, मी हौदु म्हटलं."

"कसला हौद?"

परत घ्या म्हणून आत्यांनी शब्द टाकून बघितला. बाई म्हणाली, तिन्हीसांजेला दिलेला माल माघारी घेत नाहीत, लक्ष्मी परतून जाते. वर म्हणाली, "आनि आक्का, त्यानी धा येळा हो म्हटलं. इचारा त्यास्नी." आत्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या भाकणुकीत सांगितलंच हुतं. यंदा मिरची चडंल म्हनून. कुनाच्या डोक्यावर, ते सांगितलं नव्हतं."

परतीच्या गाडीत पोतं मावेना. बाजार सुटलेला, गाडी गच्च. डिकीत कुणाच्या तरी शेळीच्या पेंडीची पोती होती. मग पोतं मधल्या वाटेत उभं केलं आणि मी त्याला मांडीनं आधार दिला. आत्यांनी आणि बायकोनं हद्दीपर्यंतची फुल तिकिटं काढली. आत्यांनी सुट्टे पैसे मोजून देताना प्रत्येक नाण्याकडे बघून घेतलं.

यमगर्णीपर्यंत ठीक चाललं. मग एका भल्यामोठ्या गृहस्थाला पाय दुखले आणि तो पोत्यावर बसला. पोरीनं शिवलेलं तोंड उसवलं. एका गतिरोधकावर तो गृहस्थ वर गेला, पोतं फुस्स झालं, तो परत खाली आला, आणि गाडीत मिरचीचा असा खाट उठला, की पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत ठसका एखाद्या बातमीसारखा पसरत गेला. पोरं रडायला लागली. कुणी खिडक्या उघडल्या. वाऱ्यानं उरलेलं मागच्यांनाही वाटलं. सगळी गाडी खोकत होती, एकटा मी सोडून. वखारीत माझ्याकडचं सगळं संपलं होतं.

सौंदलग्यापर्यंत लोकांनी सोसलं. मग ड्रायव्हरच खोकायला लागला. कोगनोळीच्या टोलनाक्यापुढं गाडी बाजूला थांबली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून उभा राहिला. "मिरची कुनाची हाय?"

कुणी बोललं नाही. आत्यांनी बोट केलं.

"पाव्हनं, उतरा. समदी गाडी मरंल. मागनं दुसरी येतीया."

मी पोतं ओढत दाराशी नेलं. बायको अर्धवट उठल्यासारखी झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी होतं की मिरचीमुळे, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मी खालून आत्यांना म्हटलं, "आत्या, उतरताय ना?"

"मी?" त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "माजं फुकटचं आत्ता हितनं सुरू हुतंय, जावईबापू. मी कशाला उतरू?"

गाडी गेली. मी, पोतं आणि वही. अंधार पडत आला होता. एवढं होऊनही मनात आलं, की अरे, आपण तर नेमके हद्दीवरच उतरलोय! शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "इथं सीमा नक्की कुठं आहे हो?"

"टोल झाला की संपलं कर्नाटक," तो म्हणाला.

"छे," बाकावरचा ट्रकवाला म्हणाला. "फुडं दूधगंगेचा पूल हाय, तितं."

तिसरा, मोटरसायकलवर पाय टाकून बसलेला, म्हणाला, "त्ये काय न्हाई. जितं पेट्रोल म्हाग हुतंय तितं महाराष्ट्र सुरू. आमी कागलची मानसं टाकी भरायला हिकडं येतोय, आमाला ठावं नसंल तर कुनाला?"

तिघांचं जुंपलं. मी पोत्यावर बसलो, वही उघडली, दोन शिंका दिल्या आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात गाडी आली. दोघा-तिघांनी पोतं वर चढवायला हात दिला. त्यातला एक मोटरसायकलवाला, बोलणं न थांबवता.

कंडक्टरनं यंत्र पुढे धरलं. "कुठनं बसला? हद्दीच्या अल्याडनं का पल्याडनं?"

मी मागे वळून बघितलं. टोलनाक्याचे दिवे होते, टपरीचा दिवा होता, ते तिघं अजून हातवारे करत होते.

"हौदु," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. "कोल्हापूर एक," तो म्हणाला. "आन् धा किलोचं लगेज."

"दहाच आहे हे कसं ओळखलंत?"

"निपाणी स्टँडवर मगाची गाडी शेजारीच लागली हुती. एक आजी खिडकीतनं सांगत हुत्या समद्यास्नी."